आतड्याच्या स्लाइडवर विली आखूड किंवा गायब दिसतात : काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

लहान आतड्याची बायोप्सी येते, प्रोसेसिंग (ऊतीतलं पाणी काढून मेण भरणं) होतं, स्लाइड रंगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर विली, म्हणजे रसांकुर, जागेवर नाहीत. हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ही तक्रार फिरून फिरून येते आणि बहुतेक जण आधी स्टेनच्या बाटल्यांकडे वळतात. माझ्या अनुभवात स्टेन क्वचितच दोषी निघतो. बिघाड बहुधा दोनच ठिकाणी झालेला असतो : तुकडा शरीराबाहेर आल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत, नाहीतर तो मेणात बसवताना (एम्बेडिंग).

हे नीट शोधून काढणं गरजेचं आहे, कारण आखूड विली हे सीलिअॅक रोगाचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, एक प्रमुख लक्षण आहे. तिरक्या कापलेल्या सेक्शनमुळे (मेणातल्या तुकड्याच्या पातळ कापामुळे) ‘विली सपाट’ असं वाचलं गेलं, तर एखाद्या माणसाला जन्मभर गव्हापासून दूर राहायला सांगितलं जाऊ शकतं. उलट चूकही तितकीच वाईट : खरोखर सपाट झालेला म्यूकोसा (आतड्याचं आतलं अस्तर) ‘कापण्यातला दोष’ म्हणून सोडून दिला जातो.

लक्षणं

तुमच्या स्लाइडवर यांपैकी काय दिसतंय ते आधी कागदावर लिहून काढा. पुढचा सगळा शोध त्यावर अवलंबून आहे.

- विलींची बोटं दिसत नाहीत. क्रिप्ट्सच्या, म्हणजे विलींच्या बुडाशी असलेल्या नळीसारख्या खळग्यांच्या, जागी गोल गोल कडी दिसतात, मधे पोकळी आणि भोवती केंद्रकांचे दोन-तीन थर.
- विली आहेत, पण टोकं उघडी. वरचा पेशींचा थर सुटून पोकळीत पट्ट्या-पट्ट्यांनी पडलेला.
- टोकाशी पेशींचा थर आणि आतला गाभा यांच्यामध्ये रिकामी फट.
- केंद्रकं सगळीकडे सारखीच फिकट, पेशींच्या कडा धूसर.
- सेक्शनमध्ये आडव्या समांतर रेषा, चिरा किंवा घड्या.
- ऊतीवर तपकिरी-काळे बारीक कण, विशेषतः रक्त साचलेल्या जागी.
- एकाच स्लाइडवर एक तुकडा उत्तम आणि शेजारचा खराब.

शेवटचं लक्षण सापडलं तर बरंच काम वाचतं. सगळे तुकडे एकाच कॅसेटमधून, एकाच मशीनमधून, एकाच रंगातून गेलेत. मग प्रोसेसिंग आणि स्टेन यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटतो आणि उरतो तो त्या एका तुकड्याचा कोन, किंवा तो आतड्याच्या कोणत्या जागेचा आहे हा प्रश्न.

१. काहीही न कापता तीच स्लाइड ४x वर पुन्हा बघा

याला खर्च शून्य. तरीही घाईत थेट ४०x वर जायची सवय असते आणि तिथे दिशा समजत नाही.

पहिला प्रश्न असा की इथे विली असायला हवेत का? मोठ्या आतड्यात विली नसतातच. तिथे सरळ, समांतर क्रिप्ट्स आणि भरपूर गॉब्लेट (म्यूकस बनवणाऱ्या) पेशी असतात. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळून घेतलेल्या बायोप्सीत दोन्ही प्रकारचे तुकडे एकाच डबीत येऊ शकतात. मागणीच्या फॉर्मवर जागा काय लिहिली आहे ते स्लाइडशी ताडून पाहा. पटत नसेल तर नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे सर्वांत आधी बघायचं. त्याचा निकाल लागल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका.

दुसरी गोष्ट ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) सुरुवातीच्या भागाची, म्हणजे बल्बची. तिथे म्यूकोसाच्या खाली ब्रुनर ग्रंथींचे फिकट, फेसाळ दिसणारे पुंजके असतात, आणि त्यांच्या वरचे विली मुळातच आखूड, वेडेवाकडे असतात. सीलिअॅकसाठी ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि बल्बमधून एक-दोन तुकडे घेण्याची पद्धत आहे. बल्बच्या तुकड्यावरून दुसऱ्या भागाचं अनुमान काढायचं नसतं.

तिसरं, लसिकाभ पेशींचा गोल पुंजका खाली असेल तर त्याच्या माथ्यावर विली नसतात किंवा बोथट असतात. इलिअममध्ये (लहान आतड्याच्या शेवटच्या भागात) पेयर पट्ट्यांवर, म्हणजे अशा पुंजक्यांच्या समूहांवर, हे नेहमीच दिसतं. पुंजक्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाका. तिथे विली चांगले असतील तर स्लाइडमध्ये काहीही बिघडलेलं नाही.

२. सेक्शनची दिशा वाचा

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

नीट कापलेल्या सेक्शनमध्ये मस्क्युलॅरिस म्यूकोसी ही स्नायूंची पातळ पट्टी तळाशी एका रेषेत धावते. तिच्यावर क्रिप्ट्स उभ्या असतात, आणि त्यांच्यावर विली. एखादी तरी क्रिप्ट तळापासून तोंडापर्यंत सलग उघडलेली दिसली पाहिजे. असे तीन-चार विली आणि त्यांच्या क्रिप्ट्स शेजारी-शेजारी सलग मिळाले, तर त्या जागेवर उंचीचं मोजमाप करता येतं. प्रौढ माणसात विलीची उंची क्रिप्टच्या खोलीच्या साधारण तीन ते पाच पट असते.

तिरक्या सेक्शनमध्ये स्नायूंची पट्टी तुटक दिसते किंवा दिसतच नाही, आणि क्रिप्ट्सची गोल कडी होतात. क्रिप्टच्या भिंतीत केंद्रकं एकावर एक चढलेली दिसतात. ती वाढलेली नसतात. पात्याने भिंत आडवी सोलल्यामुळे तसं दिसतं. याच कारणाने पेशींच्या थरात शिरलेले लिम्फोसाइटही (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटतात. म्हणजे एकाच तिरक्या कापाने आखूड विली, गर्दीच्या क्रिप्ट्स आणि वाढलेले लिम्फोसाइट असं सीलिअॅकचं सगळं चित्र उभं राहतं.

कोन किती चुकला तर हे होतं? हिशोब सोपा आहे. विलीची लांबी ०.८ मिमी आणि जाडी ०.१ मिमी धरा. पात्याची पातळी विलीच्या अक्षापासून साधारण ७ अंशांहून जास्त कलली, की बुडापासून टोकापर्यंत अख्खा विली एका सेक्शनमध्ये येऊच शकत नाही. पातं वाटेतच बाजूने बाहेर पडतं आणि टोक दुसऱ्याच सेक्शनमध्ये जातं. डोळ्यांना ७ अंशांचा कल मोल्डमध्ये (मेण ओतायच्या साच्यात) दिसतसुद्धा नाही. म्हणून एम्बेडिंग करणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी काही तुकडे तिरके जाणारच. तेवढ्यासाठीच बायोप्सीत अनेक तुकडे घेतात आणि ब्लॉकमधून (तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून) अनेक पातळ्या कापतात.

खरा आजार असेल तर उलट खूण मिळते. क्रिप्ट्स उभ्या, तळापासून तोंडापर्यंत उघडलेल्या आणि चांगल्या लांब झालेल्या असतात, आणि वर विली मात्र नसतात. अशी जागा सापडली तर तो कापण्यातला दोष नाही. स्लाइड तशीच पॅथॉलॉजिस्टकडे द्या.

३. डबी, फॉर्म आणि घड्याळ

दिशा ठीक आहे पण टोकं उघडी पडलीत, केंद्रकं फिकट आहेत, असं असेल तर डबी टाकून देण्याआधी तपासा.

पचनमार्गाचा म्यूकोसा शरीरातल्या सर्वांत लवकर नासणाऱ्या ऊतींपैकी आहे. पाचक रस आणि जिवाणू आधीपासूनच तिथे असतात, आणि पेशींचा थर इतका नाजूक की जिवंतपणीही तो दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो. रक्तपुरवठा थांबला की विलीचं टोक सर्वांत आधी जातं. क्रिप्ट्सचे तळ आणि स्नायू बराच वेळ टिकतात. म्हणून टोक गेलेलं आणि तळ शाबूत अशी स्लाइड दिसली की उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्याचा संशय घ्यावा.

टोकाशी दिसणाऱ्या रिकाम्या फटीला ग्रुनहागेनची जागा म्हणतात. ती ऊती आकसल्यामुळे पडते. त्या फटीत रक्त, फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) किंवा न्यूट्रोफिल (दाहात येणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसतील आणि आजूबाजूला दाहाची काहीही खूण नसेल, तर ती मृत्यूनंतरची किंवा हाताळणीतली फट आहे असं धरायला हरकत नाही. हे असतील तर तो खरा इजेचा पुरावा असू शकतो आणि निर्णय तुमचा नाही.

आता विचारायचे प्रश्न असे. तुकडा सरळ फॉर्मॅलिनमध्ये टाकला की आधी सलाइनमध्ये किंवा ओल्या गॉजवर राहिला? सलाइनमध्ये नासणं थांबत नाही. साध्या पाण्यात ठेवला असेल तर पेशी फुगून फुटतात. डबी बर्फात ठेवून गोठली होती का? मग पेशींमध्ये बर्फाच्या खड्यांची भोकं दिसतील. तपासणीआधी एनिमा किंवा सोडियम फॉस्फेटचं रेचक दिलं होतं का? मोठ्या आतड्याच्या बायोप्सीत त्यानेही वरचा थर आणि म्यूकस कमी झालेला दिसू शकतो, हे फॉर्मवर लिहिलेलं असावं असा आग्रह धरा.

मोठा काढलेला भाग असेल तर तो न उघडता बंद नळीसारखा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला होता का, हे बघा. फॉर्मॅलिन सुरुवातीला तासाला साधारण १ मिमी आत जातं आणि खोलीबरोबर त्याचा वेग मंदावतो. बंद नळीत ते म्यूकोसापर्यंत पोहोचेतो आतलं सगळं नासलेलं असतं. आतडं उघडून, सलाइनने हलकेच धुऊन, कॉर्कच्या फळीवर टाचून म्यूकोसा वर ठेवून बुडवावं. आतली घाण गॉजने पुसू नका, सुरीच्या पाठीने खरवडू तर मुळीच नका. वरच्या पेशींचा थर त्या एका हातासरशी निघून जातो आणि मग कोणत्याही तंत्राने परत येत नाही.

४. फॉर्मॅलिन स्वतः तपासा

pH पट्टी स्वस्त आहे, वापरा. बफर केलेलं १० टक्के फॉर्मॅलिन ७ च्या आसपास असावं. कृती सर्वत्र तीच : ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं द्रावण १०० मिली, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. म्हणजे ‘१० टक्के फॉर्मॅलिन’मध्ये प्रत्यक्षात फॉर्मल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असतं.

बफर नसेल तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रक्ताशी संयोग होऊन तपकिरी-काळे कण पडतात. लक्षणांत ते कण लिहिले असतील तर कारण इथे मिळालं. संपृक्त पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाने ते सेक्शनवरून निघतात. पण वाळलेलं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं, त्याबद्दल खाली सांगतो.

फॉर्मॅलिनचं प्रमाण तुकड्याच्या १० ते २० पट हवं. बायोप्सीत हे सहज होतं, काढलेल्या मोठ्या भागाच्या डबीत जवळजवळ कधीच होत नाही.

५. ब्लेड, वॉटर बाथ, वाळवणं

आडव्या समांतर रेषा असतील तर ब्लेड बदला किंवा त्याच ब्लेडचा न वापरलेला भाग समोर आणा, ब्लॉक आणि ब्लेड दोन्ही घट्ट आहेत का ते हाताने तपासा, ब्लॉक बर्फावर थंड करा. एवढ्याने बहुतेक वेळा रेषा जातात.

वॉटर बाथचं (सेक्शन पसरवायच्या कोमट पाण्याचं) तापमान मेणाच्या वितळबिंदूपेक्षा ५ ते १० अंश सेल्सिअस कमी ठेवा. पाणी जास्त गरम झालं की सेक्शन पसरतो आणि विली एकमेकांपासून फाटतात. कमी पडलं तर घड्या राहतात. रिबन (एकमेकांना चिकटलेल्या सेक्शनची पट्टी) पाण्यावर सोडताना डोळे तिथेच ठेवा : चांगला सेक्शन सपाट होऊन थांबतो. तुकडा पाण्यावर पडताच चहूकडे फुटत असेल तर वॉटर बाथशी खेळत बसू नका, ती अर्धवट प्रोसेसिंगची खूण आहे. थेट आठव्या क्रमांकावर जा.

६. खोल पातळ्या कापा

इथपासून प्रत्येक पायरीला ऊती खर्च होते, म्हणून आधीचे पाचही मुद्दे संपलेले असावेत.

दिशेचा दोष असेल तर ब्लॉकमध्ये आणखी खोलवर गेल्यावर बऱ्याचदा चांगले विली सापडतात. २ मिमी जाडीच्या तुकड्यात ४ मायक्रॉनचे ५०० सेक्शन बसतात, आणि ०.१ मिमी जाडीचा एक विली २५ सेक्शनमध्ये संपतो. त्यामुळे लागोपाठचे दहा सेक्शन लावून फारसं काही नवं दिसत नाही. मध्ये अंतर सोडून पातळ्या घ्या, आणि मधल्या रिबन फेकू नका, क्रम लिहून ठेवा. त्यांवर पुढे पीएएस किंवा आल्शियन ब्लू हे विशेष स्टेन करायची वेळ येऊ शकते.

ट्रिमिंगचं, म्हणजे ब्लॉकचा वरचा भाग उतरवण्याचं, माप लहान ठेवा. मोठ्या तुकड्यांसाठी लावलेल्या जाड ट्रिमिंगवर मायक्रोटोम (सेक्शन कापायचं यंत्र) राहिला असेल तर बायोप्सीचा उपयोगी भाग कचऱ्यात जातो. चाक फिरवण्याआधी माप बघण्याची सवय ही माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची सवय आहे.

७. ब्लॉक वितळवून पुन्हा बसवा

पॅथॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय ही पायरी घेऊ नका.

मेण वितळवा, तुकडा भिंगाखाली घ्या. मखमली, निस्तेज बाजू म्यूकोसाची. दुसरी गुळगुळीत. तुकडा वळलेला असेल तर स्नायूंची बाजू आकसते, त्यामुळे म्यूकोसा बहुधा फुगीर बाजूला असतो. तुकडा कडेवर उभा करायचा, म्हणजे पात्याला म्यूकोसा, मस्क्युलॅरिस म्यूकोसी आणि सबम्यूकोसा एकाच वेळी लागतील. मोल्डच्या तळाशी मेणाचा पातळ थर किंचित घट्ट होऊ द्या, गरम चिमट्याने तुकडा त्यात टेकवून धरा, पकड बसली की मग मेण भरा. अनेक तुकडे असतील तर सगळे एका रांगेत, म्यूकोसा एकाच दिशेला.

बारीक तुकडे पांढऱ्या मेणात हरवतात. प्रोसेसिंगच्या अल्कोहोलमध्ये इओसिनचे काही थेंब टाकले तर ते गुलाबी होऊन स्पष्ट दिसतात आणि पुढच्या स्टेनिंगला त्रास होत नाही.

हा दोष मुळातच टाळायचा असेल तर एंडोस्कोपीच्या खोलीत सांगून ठेवा : तुकडा कापलेल्या बाजूने फिल्टर पेपरच्या पट्टीवर ठेवायचा, क्षणभर चिकटू द्यायचा आणि पट्टीसकट फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. एवढं केलं तर सातव्या पायरीची वेळच फारशी येत नाही.

८. प्रोसेसिंग

कठीण आणि महागडी तपासणी, कारण चूक सापडली तर त्या फेरीतले सगळे ब्लॉक तपासावे लागतात.

दोन टोकं असतात. तुकडा मऊ, मधोमध खचलेला, पाण्यावर फुटणारा असेल तर पाणी किंवा झायलिन आत राहिलंय. शेवटचं अल्कोहोल ओलावा धरून बसलंय का, झायलिन गढूळ झालंय का ते बघा. तुकडा ठिसूळ आणि चिरा पडलेला असेल तर त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ मिळालाय. २ मिमीच्या बायोप्सी आणि आतड्याचे जाड तुकडे एकाच रात्रभराच्या कार्यक्रमात टाकले की हेच होतं. बायोप्सीसाठी वेगळा, छोटा कार्यक्रम ठेवा. मेणाचं तापमान वितळबिंदूपेक्षा दोन-चार अंशच वर असावं.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

- ब्लॉकमध्ये ऊती संपत आली असेल तर चाक थांबवा आणि पॅथॉलॉजिस्टला विचारा. उरलेल्या ऊतीचं काय करायचं हे ते ठरवतील. ‘अजून एकच पातळी’ म्हणून शेवटचा तुकडा गमावला तर तो परत मिळत नाही.
- नाव, क्रमांक किंवा जागा जुळत नसेल तर काहीही दुरुस्त करू नका. तसंच ठेवून वरिष्ठांना कळवा.
- विली खरंच आखूड आहेत की नाहीत, लिम्फोसाइट किती, दाह आहे का, हे पॅथॉलॉजिस्टचं काम. स्लाइडसोबत तुमची टिपण द्या : कोणती पातळी, ब्लॉक पुन्हा बसवला का, डबी कशी होती, फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ गेला.
- नवं ब्लेड, घट्ट पकड, थंड ब्लॉक असूनही सेक्शनची जाडी एकाआड एक बदलत असेल, किंवा प्रोसेसर दाखवतो ते तापमान आणि वेगळ्या तापमापकाचं तापमान जुळत नसेल, तर सेवा अभियंत्याला बोलवा. मशीन स्वतः उघडू नका.
- पिक्रिक आम्लाची जुनी बाटली कोरडी पडलेली किंवा झाकणाशी खडे जमलेली दिसली, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवू नका. खोली रिकामी करा आणि धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांना बोलवा. फॉर्मॅलिन मोठ्या प्रमाणात सांडलं तरी तेच करा. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करतं हे सिद्ध झालेलं आहे.
- सगळं करूनही एकही तुकडा वाचण्याजोगा निघाला नाही, तर तसं स्पष्ट लिहून पॅथॉलॉजिस्टकडे द्या. पुन्हा बायोप्सी घ्यायची का, हे ते आणि रुग्णाचे डॉक्टर मिळून ठरवतील.